सातारा शहरातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायचेत, सगळे वाकडे आणि राखाडी येतायत, मदत करा

मधलीसुट्टी
नमस्कार मंडळी. मी पुण्याला आर्किटेक्चरला आहे, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेय. जानेवारीत कॉलेजात प्रदर्शन आहे, प्रत्येकाने आपापल्या गावातल्या इमारतींचे फोटो लावायचेत, बारा फोटो, मोठे प्रिंट. काल संध्याकाळी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत राजपथाने चालत गेले, बाबांचा जुना डीएसएलआर आणि त्याच्यावरची १८-५५ लेन्स, शिवाय माझा फोन. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर राजवाडा मागं कलंडलेला, आभाळ पांढरं फट्ट, काळा दगड राखाडी दिसतोय आणि मधोमध केबलच्या वायरी, त्याच्या खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, शुभेच्छुकांचे चेहरे खिडक्यांपेक्षा जास्त स्पष्ट आलेत 😐

तर प्रश्न असे की भिंती सरळ कशा आणायच्या, कुठल्या वेळेला जायचं, वायरी खोडायच्या का, आणि एका ठिकाणी वॉचमनकाकांनी परवानगी आहे का विचारलं, तर परवानगी नक्की कशाकशाला लागते. आणि राजवाडा, चार भिंतीचं स्मारक, अजिंक्यतारा किल्ला सोडून अजून काय घेऊ ते पण सांगा. नवीन लेन्स घ्या सांगू नका, बाबा घरातून काढतील.

माची_पेठ
कॅमेरा बाजूला ठेव आणि आधी फोनमधलं होकायंत्र उघड. प्रत्येक इमारतीसमोर उभं राहायचं आणि तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते वहीत लिहायचं, एका सकाळीत सगळं गाव होतं. इमारत उचलून फिरवता येत नाही आणि सूर्य आपलं ऐकत नाही, त्यामुळे बाकी सगळं या दिशेवर ठरतं आणि लोक नेमकं हेच न बघता लेन्सच्या चर्चा करत बसतात.

आत्ता नोव्हेंबर चालू आहे, सूर्य दक्षिणेकडनं जातो. म्हणजे ज्या इमारतीचं तोंड उत्तरेला आहे तिच्या दर्शनी भागावर आता थेट ऊन पडणारच नाही, मार्च संपत येईपर्यंत तरी नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट लागेपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या जरासा उत्तरेला असतो, पण तेव्हा साताऱ्यात अर्धा वेळ ऊनच नसतं, मग उपयोग काय. उत्तरतोंडी इमारत आता काढायची तर ढगाळ दिवशी काढ नाहीतर सूर्य मावळल्यावर. पूर्वतोंडी सकाळी, पश्चिमतोंडी संध्याकाळी, हे तर तुला माहीतच असेल, पण अगदी समोरून ऊन असताना नको काढूस, जरा तिरकं पडू दे, कोरीवकामाची सावली पडली की मगच ते कोरीवकाम दिसतं, नाहीतर सपाट पुठ्ठा.

आता अजिंक्यतारा. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे वरून शहराकडे बघताना तुझं तोंड उत्तरेला आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर पाठीशी. सगळं गाव उजळलेलं मिळतं. फक्त एक लक्षात ठेव, डोंगराची सावली पायथ्याच्या भागावर पडते, डिसेंबरात सकाळी आमची माची पेठ आणि चिमणपुरा बराच वेळ सावलीत असतात आणि लांबचं शाहूपुरी, करंजे लख्ख उन्हात, त्यामुळे फार पहाटे चढून उपयोग नाही. जरा सूर्य वर येऊ दे.

यवतेश्वर घाटातून उलटं आहे, तिथून तू पूर्वेला बघतेस, म्हणजे संध्याकाळचं ऊन शहरावर पडतं. पण घाटाचा डोंगरच सूर्याला अडवतो, शहरावरचं ऊन सूर्यास्ताच्या बरंच आधी जातं. मोबाईलमध्ये सूर्यास्ताची वेळ बघून निघालीस तर पोचेपर्यंत खेळ खलास, तास-दीड तास आधीच जाऊन बस.

चार भिंतीचा वेगळाच घोळ. तिथून शहर छान दिसतं, पण चार भिंतींचाच फोटो मागे अजिंक्यतारा घेऊन काढायचा म्हटलं तर तोंड दक्षिणेला होतं आणि हिवाळ्यात सूर्य थेट लेन्समध्ये. म्हणून ते सूर्य मावळल्यावर काढायचं. मावळल्यानंतर आपल्याकडे २०-२५ मिनिटंच आभाळ गडद निळं असतं, तेवढ्यात ट्रायपॉड लावून तयार असलं पाहिजे.

राखाडी दगडाचं सोपं आहे. आपला सगळा दगड बेसाल्ट. फ्रेममध्ये काळा दगड भरला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि आभाळ फाटतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वजा ०.७ कर, गरज पडली तर वजा १, आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. आणि पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासात जो दगड दिसतो ना तो बाकी वर्षभर दिसत नाही. तेव्हा सगळी जनता भजी खात असते म्हणून गर्दी पण नसते.

ऑटोकॅडवाला
वरच्या दादांनी उजेडाचं सांगितलं, मी भिंतींचं सांगतो. इमारत कलंडत नाहीय ताई, तू कॅमेरा वर करतेयस. सेन्सर भिंतीला समांतर असला की उभ्या रेषा उभ्याच राहतात, वर तोंड केलं की वरचा भाग सेन्सरपासून लांब जातो आणि लहान होतो, म्हणून भिंती वर एकमेकींकडे झुकतात. एवढंच गणित आहे, एलिव्हेशन आणि पर्स्पेक्टिव्ह ड्रॉइंगचा फरक तुला मी काय सांगणार.

उपाय, पैसे न घालता. एक म्हणजे मागं सरक, कॅमेरा एकदम लेव्हलला धर (ग्रिड चालू कर, बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये लेव्हलची रेघ पण असते), इमारतीचा शेंडा फ्रेममध्ये आला की खाली रस्ता जास्तीचा येईल तो नंतर कापून टाक. मोठा प्रिंट आहे म्हणतेस, तर थोडं रिझोल्यूशन जाईल पण चालतं. दुसरं म्हणजे उंचीवर जा. इमारत जेवढी उंच तिच्या निम्म्या उंचीवर उभं राहायला मिळालं तर कॅमेरा वर करावाच लागत नाही. मोती चौकात, राजपथावर समोरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यांना गॅलऱ्या आहेत, खाली दुकानात जाऊन नीट विचारायचं, काहीतरी विकत घ्यायचं आणि मग विचारायचं, कंदी पेढे घेतले तर घरी पण खूश. बहुतेक जण चला वर म्हणतात, वर चहा पण देतात.

तिसरं सॉफ्टवेअर. लाइटरूममध्ये जॉमेट्री, फोनवर स्नॅपसीडमध्ये पर्स्पेक्टिव्ह. पण त्याच्यासाठी काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडून काढ, रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि मग कळसाचं टोक जातं. आणि शंभर टक्के सरळ करू नकोस, उंच इमारत जमिनीवरून बघताना डोळ्याला थोडी निमुळती दिसायची सवय असते, एकदम काटकोनात केली की वरून जड, अंगावर आल्यासारखी वाटते. मी थोडंसं झुकलेलं ठेवतो.

फोनचा ०.५ वाला कॅमेरा इमारतीला वापरूच नको. कडेचे खांब ताणले जातात, मधली कमान बारकी. १एक्स नाहीतर २एक्स लावून लांबून काढ. लांबून काढायला जागा नाही हे मला माहिती आहे, आपल्या पेठांत बोळ केवढे ते सगळ्यांना माहिती आहे, अशा ठिकाणी अख्खी इमारत घेण्याचा हट्ट सोडायचा आणि एक दरवाजा, एक कमान, एक तुळई घ्यायची. टिल्ट-शिफ्ट लेन्स याच कामासाठी असते पण तिची किंमत ऐकून बाबा तुलाच घरातून काढतील.

बोळातला
वायरी खोडायच्या का विचारलंस, माझं मत नको. दोनशे वर्षांच्या वाड्यावर आज वायरी आहेत, स्कूटर लावल्यात, खाली झेरॉक्सचं दुकान आहे, ते आजचं सातारा आहे. सगळं साफ करून टाकलंस तर कुठलंही गाव होईल. जुने काळे-पांढरे फोटो आपण बघतो त्याच्यात टांगे आणि माणसं असतात म्हणूनच मजा येते ना.

आणि फोनमधलं ते एआयवालं खोडरबर तर अजिबातच नको. वायर काढायला सांगितली की त्याच्यामागचं नक्षीकाम तो मनानेच भरतो. नसलेली खिडकी तयार होते. तू आर्किटेक्चरची, तुझ्या सरांनी पकडलं तर काय सांगशील.

माची_पेठ
@बोळातला वायरीचं मान्य, खोडरबराचं तर दुप्पट मान्य. फ्लेक्सचं नाही. वायर वर्षानुवर्षं तिथंच आहे, ती त्या इमारतीच्या आयुष्यात आलीय. फ्लेक्स आठ दिवसांचा पाहुणा, पण असा येऊन बसतो की फोटो बघणारा आधी तोच वाचतो. अक्षरं आणि चेहरे असले की डोळा तिकडेच जातो, त्याला इलाज नाही.

ताई एक गुपित सांगतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नगरपालिका सगळे फ्लेक्स उतरवते. मी तर आचारसंहितेची बातमी आली की कॅलेंडरवर खूणच करतो 😄 राजवाडा, मोती चौक, पोवई नाका, सगळे कोपरे मोकळे. राजकारणाचा मला मिळालेला एकमेव फायदा.

दुसरं, गर्दी आणि गाड्या. रविवारी अगदी उजाडता राजपथावर दूधवाले आणि पेपरवाले सोडून कोणी नसतं. तेही नको असतील तर ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता थोड्या थोड्या वेळाने दहा-पंधरा फोटो काढ, फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून मीडियन लाव, जे हलतंय ते निघून जातं आणि इमारत तेवढी राहते. इथं काही मनाने भरलं जात नाही, मागची खरी भिंतच दिसते, त्यामुळे बोळातल्या भाऊंची पण हरकत नसावी. उभ्या केलेल्या गाड्या मात्र याने जात नाहीत, त्यांना मालकच लागतो.

बोळातला
हरकत नाही. पण माणसं पण घालव म्हणून का सांगताय. एक तरी माणूस राहू दे, दरवाजा केवढा मोठा आहे ते कसं कळणार.

कायदा_बियदा
परवानगीचं बोलतो. रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं याने कॉपीराइट मोडत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ व्या कलमात स्पष्ट आहे की वास्तूचा फोटो म्हणजे उल्लंघन नाही. तो प्रश्न मिटला. पण आवारात पाऊल टाकलं की मालकाची मर्जी. जलमंदिर, अदालतवाडा इथं बाहेरूनच काढायचं, राहती जागा आहे ती, आत डोकवायचं तर विचारून. शाळेच्या आवारात तास चालू असताना कॅमेरा घेऊन जायचं नाही, मुलं फ्रेममध्ये येतात आणि पालकांचं डोकं फिरतं, ते बरोबरच आहे. सैनिक स्कूल, जेल, पोलिसांच्या जागा, तिथं लेन्स रोखायचीच नाही.

वॉचमनशी वाद घालायचा नाही. कायदा सांगत बसलं की तो अजून चिडतो, त्याला वरून जे सांगितलंय ते तो करतोय. कॉलेजचं पत्र, शिक्का असलेलं, दोन-चार कॉपी खिशात ठेव. ट्रायपॉड दिसला की सगळ्यांना शूटिंग वाटतं आणि पैसे आठवतात, नुसता कॅमेरा गळ्यात असला तर कोणी विचारत नाही असा माझा अनुभव.

मधलीसुट्टी
बापरे एवढं सगळं, थँक्यू सगळ्यांना. पत्राचं डोक्यातच नव्हतं. होकायंत्र घेऊन सकाळी फिरून आले, बाजारातल्या मावशींनी विचारलं वास्तुशास्त्रवाली आहेस का 🙈

अजून दोन शंका. माझ्या मावसभावाकडे छोटा ड्रोन आहे, वरून राजवाड्याचे चौक घेता येतील का? आणि राजवाड्याचे मी दोन-तीन फोटो लावणार आहे तर खाली काय लिहू, जुना कुठला नवा कुठला याच्यात माझा दरवेळी गोंधळ होतो.

कायदा_बियदा
ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे पायलटचं लायसन लागत नाही, पण म्हणून कुठंही उडवता येतो असं नाही. सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा उघड, ग्रीन झोन (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतो तो भाग) आहे का बघ, असेल तर ४०० फुटांपर्यंत. शिवाय कधीकधी स्थानिक पोलिसांची तेवढ्यापुरती बंदी असते, उडवायच्या आधी पोलीस स्टेशनला विचारून घे. आणि खरं सांगू, राजवाड्याचा भाग म्हणजे भर बाजार, खाली माणसंच माणसं, वर वायरी आणि कबुतरं. मी तरी नाही उडवणार. अजिंक्यताऱ्यावरून बाबांची लेन्स ५५ ला लावून बघ, तिथनं राजवाडा पण वरूनच दिसतो की.

माची_पेठ
जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४ च्या सुमाराचा. त्यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं, मग त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज आले, नवा राजवाडा त्यांच्या काळात पुरा झाला. १८४८ मध्ये ते गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. म्हणजे नवा राजवाडा राजाला किती वर्षं लाभला ते बघ. फोटोखाली हे दोन ओळीत लिहिलंस तरी बघणारा थांबेल.

आणि जुन्या राजवाड्याचा फोटो लावणार असशील तर प्रतापसिंह हायस्कूल विसरू नको. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव याच शाळेच्या रजिस्टरात चढलं, भिवा रामजी आंबेडकर म्हणून, आणि शाळा राजवाड्यात भरायची. ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो यामुळे. राजाच्या वाड्यात शाळा आणि त्या शाळेत बाबासाहेब, माझ्या मते साताऱ्यातली सगळ्यात मोठी इमारत हीच, मग भिंतीचे पोपडे निघालेले का असेनात. पोपडे काढ, झाकू नको.

चार भिंतीच्या फोटोखाली १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक एवढं तरी लिही. रंगो बापूजींचं नाव घाल, प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला तो माणूस लंडनला जाऊन राहिला होता. भिंतीवर अमुक प्लस तमुक बदाम कोरलेले आहेत त्यांचं काय करायचं ते बोळातल्या भाऊंना विचार.

बोळातला
बदाम राहू देत 😂

लिंबकर
नुसतं राजवाडा राजवाडा काय, आमच्या लिंबला या की. बारा मोटेची विहीर. पुण्याच्या रस्त्याला, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधून घेतली, शिलालेख आहे दारावर. अष्टकोनी, शंभर फुटांच्या वर खोल, बारा मोटा एकदम चालायच्या आणि भोवतीची आमराई भिजायची. जिना उतरून आत गेलं की विहिरीतच महाल. हे जमिनीवरून दिसतच नाही, लांबून बघणाऱ्याला वाटतं शेत आहे.

फोटोचं म्हणाल तर आत अंधार आणि वर आभाळ भगभगीत, एका फोटोत दोन्ही येत नाही. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे काढून जोडा. भर दुपारी या, बाकी ठिकाणी दुपार वाईट पण इथं ऊन खोल जातं ते दुपारीच. आणि कठड्यावर बसून पोज देऊ नका, वरून खाली बघितलं की कळेल का ते.

ऑटोकॅडवाला
लिंब शहरात येत नाही हो. तिने सातारा शहर म्हटलंय.

लिंबकर
मग साताऱ्याचा राजा कुठला होता, पुण्याचा?

माची_पेठ
भांडू नका. ताई, लिंब घे, आणि शहराच्या पूर्वेला संगम माहुली पण घे, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं. तिथं सगळे देवळाच्या समोर उभे राहून काढतात. तू सकाळी पलीकडच्या काठावर, क्षेत्र माहुलीत जा, पाठीशी पूर्व आणि समोर सगळा घाट उजळलेला. नदी संथ असली तर प्रतिबिंब फुकट. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव ते, तेवढं खाली लिही.

आणि बाराच्या बारा जुनेच नको लावू. पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर पण शहराची खूणच झालाय आता, आवडो न आवडो. संध्याकाळी आभाळ निळं असताना वरच्या रस्त्यावरून खाली बोगद्याच्या तोंडाकडे कॅमेरा लाव, आयएसओ १००, एफ ११, दहा ते पंधरा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बोट लागून हलणार नाही. गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा येतात. पूर्ण काळोख झाला की मात्र आभाळ काळं आणि दिवे जळके येतात, तेव्हा घरी जा.

मधलीसुट्टी
ठरलं मग. सहा जुने, दोन माहुलीचे, एक लिंब, एक पोवई नाका, एक अजिंक्यताऱ्यावरून, आणि एक फक्त फ्लेक्सचा, मुद्दाम, शुभेच्छुकांसकट. वायरी ठेवणार. रविवारी पहाटे राजवाड्याला जातेय, गाडी गोल बागेजवळ लागते का?

ऑटोकॅडवाला
पहाटे लागते, पण तुझीच गाडी तुझ्या फोटोत येईल. लांब लाव आणि चालत जा. बॅटरी रात्री चार्जिंगला लाव, जुन्या डीएसएलआरची बॅटरी थंडीत लवकर बसते.

लिंबकर
लिंबला यायच्या आधी इथं टाका, रस्ता सांगतो. मॅप शेतात नेतो कधीकधी.